‘माझ्यावर’ आणि ‘विथ मी’



या घटकात आतापर्यंत तुम्ही मराठीतील विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये यांचा अभ्यास केला. ‘ला’, ‘शी’, ‘चा’, ‘वर’, ‘बद्दल’, ‘पासून’ ही रूपे आपण दिवसातून कितीतरी वेळा उच्चारतो आणि एकदाही थांबून त्यांच्याकडे पाहत नाही. आपण दुसऱ्या भाषेत बोलू लागतो तेव्हाच ती प्रथम डोळ्यांत भरतात. इंग्रजीत ‘अँग्री’ म्हणजे रागावलेला, ‘अफ्रेड’ म्हणजे घाबरलेला, ‘टायर्ड’ म्हणजे दमलेला, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. अडते ते त्यापुढच्या लहानशा शब्दापाशी. कोणावर रागावलेला, कोणाला घाबरलेला, कशाने दमलेला, हे सांगताना विशेषणानंतर कोणते अव्यय यावे आणि त्या अव्ययानंतर सर्वनामाचे कोणते रूप यावे, हे शब्दकोशात अर्थ पाहून कळत नाही.

या विषयावर मी अनेक वर्षे शिकवले आहे. परंतु त्याचे खरे मोल मला एका चिठ्ठीने शिकवले, आणि त्या शिकण्याची किंमत मी नव्हे, दुसऱ्याच कोणी दिली. ती हकिगत प्रथम सांगतो. व्याकरण तिच्या मागोमाग येईल.

मी मुकुंदवाडीत राहतो. हे एकेकाळचे गाव. जालना रस्त्याच्या कडेने शहर वाढत गेले आणि गाव शहराच्या पोटात आले. एका अंगाला सिडकोची वसाहत, दुसऱ्या अंगाला चिकलठाण्याचे कारखाने, आणि जवळून जाणाऱ्या लोहमार्गावर मुकुंदवाडीचे लहानसे स्थानक. जालना, परभणी, बीड या बाजूंनी कामासाठी आलेली कुटुंबे इथे स्थिरावली. सकाळी पाळी सुटण्याच्या वेळी रस्त्यावर उभे राहिले की मराठवाडी बोली, दखनी, हिंदी आणि कारखान्यातून उचललेले इंग्रजी शब्द एकाच वाक्यात ऐकू येतात.

वीस-बावीस वर्षांपूर्वी मी रविवारी प्रौढ विद्यार्थ्यांचे वर्ग घेत असे. माझे संशोधन तेव्हा अर्धवट होते आणि आत्मविश्वास मात्र पुरा होता. वर्गात पस्तिशीतला एक कामगार येई. मागच्या बाकावर बसे, क्वचित बोले. दोन रविवार तो आला नाही. तिसऱ्या रविवारी आला आणि त्याने माझ्या टेबलावर घडी घातलेला कागद ठेवला. कागदावर चार इंग्रजी वाक्ये होती. उच्चार देवनागरीत लिहितो: ‘सर, आय अ‍ॅम अफ्रेड फ्रॉम यू. प्लीज डोन्ट बी अँग्री ऑन मी. आय कुड नॉट कम टू क्लास आफ्टर नाइट ड्यूटी. आय अ‍ॅम टायर्ड ऑफ इट.’

मी ती चिठ्ठी वर्गात मोठ्याने वाचली. ‘अफ्रेड फ्रॉम’ आणि ‘अँग्री ऑन’ यांवर जोर देऊन वाचली. वर्ग हसला. मग शेवटच्या वाक्यापाशी मी थांबलो आणि म्हणालो, “हे वाक्य मात्र बिनचूक आहे. पण वर्गाचा कंटाळाच आला असेल, तर येण्याची सक्ती कोणी केली आहे?” पुन्हा हसू उमटले. तो विद्यार्थी खाली मान घालून तास संपेपर्यंत बसला. पुढच्या रविवारी आला नाही. त्यानंतर कधीच आला नाही.

काही आठवड्यांनी त्याच्याच कारखान्यातला दुसरा विद्यार्थी मला म्हणाला, “सर, त्याला कंटाळा नव्हता आला. तो दमला होता. रात्रभर ड्यूटी करून तसाच वर्गाला यायचा.”

घरी येऊन मी तो कागद पुन्हा वाचला. ज्या दोन वाक्यांना मी हसलो होतो, त्यांचा अर्थ मला पहिल्या वाचनातच पूर्ण कळला होता. तो मला घाबरत होता आणि मी रागावू नये असे त्याला वाटत होते. यात संदिग्ध काहीच नव्हते. जे वाक्य मी बिनचूक ठरवले, त्याचाच अर्थ मी उलटा घेतला होता. म्हणून ही चार वाक्ये आता सावकाश वाचू या.

पहिले वाक्य ‘अफ्रेड फ्रॉम यू’. प्रचलित इंग्रजीत ‘अफ्रेड ऑफ यू’ म्हणतात. मग हा ‘फ्रॉम’ आला कुठून? आपण मराठीत ‘तुमची भीती वाटते’ किंवा ‘तुम्हाला भितो’ म्हणतो. त्यातून ‘फ्रॉम’ निघत नाही. परंतु आमच्या रस्त्यावरची दखनी आणि हिंदी ‘आपसे डर लगता है’ म्हणतात. त्या ‘से’चे शब्दशः भाषांतर ‘फ्रॉम’. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणही उर्दूतून दिले जाई. मराठीच्या शेजारी ही दुसरी भाषा इथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहे. आणखी मागे गेलात तर संस्कृतातही भीतीचे कारण पंचमीत येते. ज्याच्यापासून भय वाटते त्याला ‘अपादान’ म्हणावे, असे पाणिनीने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे. त्या कामगाराने पाणिनी वाचला नव्हता. तरीही भय हे कोणापासून तरी आपल्याकडे येते, ही त्याची रचना अडाणीपणाची नव्हती.

दुसरे वाक्य ‘अँग्री ऑन मी’. इथे मराठी सरळ दिसते. आपण ‘माझ्यावर रागावू नका’ म्हणतो, ‘तो माझ्यावर नाराज आहे’ म्हणतो. ‘वर’ म्हणजे ‘ऑन’, म्हणून ‘अँग्री ऑन’. इंग्रजीत व्यक्तीविषयी ‘अँग्री विथ’, आणि गोष्टीविषयी बहुधा ‘अँग्री अबाउट’ किंवा ‘अँग्री अ‍ॅट’ अशी रूढी आहे. परंतु या रूढीमागे सर्व भाषांना लागू पडणारा तर्क आहे असे समजू नका. इंग्रजीची सख्खी बहीण म्हणावी अशी जर्मन भाषा रागासाठी ‘आउफ’ वापरते, आणि ‘आउफ’चा मूळ अर्थ ‘वर’. म्हणजे जर्मन माणूसही आपल्यासारखाच ‘माझ्यावर’ रागावतो. अभिमानही तो ‘वर’च बाळगतो. फ्रेंच माणूस ‘विरुद्ध’ या अर्थाच्या अव्ययाने रागावतो. भीतीसाठी जर्मन भाषेत ‘समोर’ या अर्थाचे अव्यय येते. भावना त्याच राहतात. त्यांचे नाते दाखवणारी अव्यये प्रत्येक भाषा आपल्या इतिहासाने ठरवते.

मराठी आणि इंग्रजी यांच्यातील भेद मात्र अव्ययाच्या निवडीपुरता नाही. ‘माझ्यावर नाराज’ आणि ‘अँग्री विथ मी’ हे दोन पदबंध शेजारी ठेवून पाहा. मराठीत आधी सर्वनाम, मग अव्यय, शेवटी विशेषण. इंग्रजीत आधी विशेषण, मग अव्यय, शेवटी सर्वनाम. आरशात पाहावे तसा क्रम उलटा झालेला आहे. इंग्रजी व्याकरणातील ‘प्रिपोझिशन’ या संज्ञेतच ‘आधी ठेवलेला’ असा अर्थ आहे. आपली ‘शब्दयोगी अव्यय’ ही संज्ञा आधी की नंतर हे सांगत नाही. शब्दाशी जोडलेले एवढेच सांगते. म्हणून दोन्ही भाषांचा एकत्र विचार करताना ती अधिक सोयीची वाटते.

दुसरा भेद अधिक खोल आहे. इंग्रजीत बहुतेक भावना विशेषणाने सांगतात आणि ज्याला ती भावना होते तो वाक्याचा कर्ता असतो. मराठीत भावना पुष्कळदा नाम असते, तीच कर्त्याच्या जागी बसते, आणि माणूस चतुर्थीत जातो. ‘मला राग आला’, ‘मला भीती वाटली’, ‘मला कंटाळा आला’. क्रियापदाचे लिंग कशाप्रमाणे बदलते ते पाहा. बोलणारी स्त्री असो वा पुरुष, राग ‘आला’च आणि भीती ‘वाटली’च. अशा रचनेतील चतुर्थीतल्या व्यक्तीला भाषाविज्ञानात ‘अनुभवक’ म्हणता येते. ही रचना केवळ मराठीची नाही. हिंदी, तमिळ, तेलुगू, कन्नड अशा वेगवेगळ्या कुळांतील भारतीय भाषांत ती आढळते. कॉलिन मसिका या अभ्यासकांनी दक्षिण आशियाला एक भाषिक क्षेत्र मानून १९७६ साली जो ग्रंथ लिहिला, त्यात या क्षेत्राच्या खुणांमध्ये या रचनेचीही चर्चा आहे. आपण ‘आय अ‍ॅम अफ्रेड’ म्हणतो तेव्हा एक शब्द बदलत नाही. भावना आणि माणूस यांच्या जागांची अदलाबदल करतो. एवढे मोठे काम करताना एखादे अव्यय हातून निसटले, तर त्याचे नवल वाटू नये.

या भेदातून एक उपयुक्त वाटही निघते. मराठीत भावनेच्या नामाशी पुष्कळदा षष्ठी येते: त्याची भीती, त्याचा अभिमान, त्याचा हेवा, त्याची जाणीव, त्याची आवड, त्याची खात्री, त्याची लाज, त्याचा कंटाळा. या आठही ठिकाणी इंग्रजी विशेषणानंतर ‘ऑफ’ चालते: अफ्रेड ऑफ, प्राउड ऑफ, जेलस ऑफ, अवेअर ऑफ, फाँड ऑफ, शुअर ऑफ, अशेम्ड ऑफ, टायर्ड ऑफ. ‘ऑफ’ हे इंग्रजीत षष्ठीचेच काम करते, त्यामुळे हा मेळ बसतो. तेव्हा ‘चा-ची-चे’ ऐकू आले तर प्रथम ‘ऑफ’ लावून पाहावे. मात्र तीन अपवाद पक्के लक्षात ठेवा, कारण ते रोजच्या बोलण्यातले आहेत. ‘मला तुझी काळजी वाटते’ यात ‘ची’ असूनही इंग्रजीत ‘वरीड अबाउट यू’ होते. ‘त्याची कीव येते’ याचे ‘सॉरी फॉर हिम’ होते. आणि ‘त्याचा राग आला’ म्हटले तरी ‘अँग्री विथ हिम’च.

‘शी’ हा प्रत्यय अधिक फसवा आहे. ‘तिच्याशी लग्न झाले’ याचे ‘मॅरीड विथ हर’ असे भाषांतर आपल्याकडे सर्रास ऐकू येते. इंग्रजी रूढी ‘मॅरीड टू हर’ अशी आहे. ‘माझ्याशी उद्धट’ म्हणजे ‘रूड टू मी’. परंतु ‘माझ्याशी प्रामाणिक’ म्हणजे ‘ऑनेस्ट विथ मी’, आणि ‘त्याच्याशी परिचित’ म्हणजे ‘फॅमिलिअर विथ इट’. कारखान्यात व कार्यालयात ‘तो माझ्यापेक्षा सीनियर आहे’ याचे ‘सीनियर दॅन मी’ होते, कारण ‘पेक्षा’ म्हणजे ‘दॅन’ असे आपण शिकलेलो असतो. ‘सीनियर’ आणि ‘ज्युनिअर’ हे शब्द लॅटिनमधून आले, आणि तिथे ते मुळातच तुलनादर्शक होते. इंग्रजीत त्यांच्यापुढे ‘टू’ येते: ‘सीनियर टू मी’.

एकाच विशेषणापुढे अव्यय बदलले की अर्थ कसा बदलतो, हे ‘गुड’ या अगदी पहिलीतल्या शब्दात पाहा. ‘गुड टू मी’ म्हणजे माझ्याशी चांगला वागणारा. ‘गुड फॉर मी’ म्हणजे माझ्या हिताचे. ‘गुड अ‍ॅट इट’ म्हणजे त्यात तरबेज. ‘गुड विथ देम’ म्हणजे त्यांना सांभाळून घेण्यात हातखंडा असलेला. मराठीनेही ‘शी’, ‘च्या हिताचे’, ‘त’ अशी वेगवेगळी साधने वापरूनच हे अर्थ वेगळे केले. म्हणून अव्ययाला विशेषणाचे शेपूट समजू नका. पुष्कळदा अर्थ त्याच्याच हाती असतो.

हे केवळ परीक्षेपुरते नाही. ‘या अपघाताला कोण जबाबदार?’ असे आपण विचारतो. त्यातला ‘ला’ पाहून कोणी ‘रिस्पॉन्सिबल टू’ लिहिले तर घोटाळा होतो, कारण ‘ही इज रिस्पॉन्सिबल टू मी’ याचा अर्थ तो मला उत्तरदायी आहे, म्हणजे मी त्याचा वरिष्ठ आहे. एखाद्या घटनेचा दोष सांगायचा तर ‘रिस्पॉन्सिबल फॉर इट’ असे लिहावे लागते. कारखान्यातल्या इंग्रजी अहवालात एका अव्ययाने दोष कोणाचा आणि अधिकार कोणाचा हे बदलू शकते.

आता त्या चिठ्ठीचे शेवटचे वाक्य: ‘आय अ‍ॅम टायर्ड ऑफ इट’. व्याकरणाच्या दृष्टीने यात काहीही खोट नाही. परंतु ‘टायर्ड ऑफ’ म्हणजे कंटाळलेला. कामाने दमलेला असे म्हणायचे तर ‘टायर्ड फ्रॉम’ लागते. मराठीत ‘दमणे’ आणि ‘कंटाळणे’ हे दोन वेगळे शब्द आहेत. इंग्रजीत एकच ‘टायर्ड’ आहे, आणि तो भेद सांगण्याचे सारे ओझे त्या चिमुकल्या अव्ययावर पडते. त्या विद्यार्थ्याला हवे होते ‘फ्रॉम’, आणि ते त्याने पहिल्या वाक्यात खर्च करून टाकले होते. पहिल्या वाक्यातले ‘ऑफ’ शेवटच्या वाक्यात आले होते. दोन अव्ययांची फक्त अदलाबदल झाली होती.

त्यात भर पडली सर्वनामाची. ‘इट’ म्हणजे काय? त्याच्या आधीच्या वाक्यात ‘क्लास’ हा शब्द होता आणि ‘नाइट ड्यूटी’ही होती. ‘इट’ दोहोंपैकी कशाकडेही बोट दाखवू शकत होते. जवळचा शब्द ‘ड्यूटी’ होता. माझ्या मनात मात्र मागच्या बाकावरचा गैरहजर विद्यार्थी होता, म्हणून मी ‘इट’चा अर्थ ‘क्लास’ असा घेतला. सर्वनाम रिकाम्या भांड्यासारखे असते, आणि त्या दिवशी मी त्यात माझा ग्रह ओतला.

सर्वनामांविषयी आणखी दोन गोष्टी इथेच सांगून ठेवतो. इंग्रजी अव्ययानंतर सर्वनामाचे कर्त्याचे रूप येत नाही. ‘आय’चे ‘मी’ होते, ‘ही’चे ‘हिम’, ‘शी’चे ‘हर’, ‘दे’चे ‘देम’. हे आपल्याला परके वाटू नये. आपणही ‘मीवर’ म्हणत नाही, ‘माझ्यावर’ म्हणतो. कोणी घरी ‘माह्यावर’ म्हणत असेल तर तेही सामान्यरूपच आहे, फक्त बोलीचे. गंमत अशी की मराठीतला ‘मी’ कर्ता आहे आणि इंग्रजीतला ‘मी’ कर्ता नाही, तरी दोघांच्या मुळाशी एकच प्राचीन ‘म’कार आहे, जो संस्कृतच्या ‘माम्’, ‘मया’, ‘मम’ यांत दिसतो. आणि ज्यांची ती मातृभाषा आहे तेही इथे अडखळतात. ‘तुझ्यामाझ्यात’ या अर्थाचे ‘बिट्वीन यू अँड मी’ म्हणायच्या ऐवजी शेवटी ‘आय’ म्हणणारे इंग्रज व अमेरिकन आजही भेटतात, आणि शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये अँटोनिओच्या पत्रातही तसेच रूप आहे.

दुसरी गोष्ट अशी. मराठीत ‘त्याला त्याचा अभिमान आहे’ या वाक्यात ‘त्याचा’ म्हणजे स्वतःचा की दुसऱ्या कोणाचा, हे संदर्भावरून ठरते. इंग्रजीत ‘ही इज प्राउड ऑफ हिम’ म्हटले की तो ‘हिम’ निश्चितपणे दुसरा माणूस. स्वतःचा अभिमान सांगायचा तर ‘हिमसेल्फ’ लागते. ‘मला माझीच लाज वाटते’ हे मराठीत शोभते. त्याचे इंग्रजी मात्र ‘अशेम्ड ऑफ मायसेल्फ’ असेच करावे लागते.

मग चुकांविषयी आपण कोणती भूमिका घ्यावी? माझ्या मते चुका दोन प्रकारच्या असतात. काही चुका कानाला खटकतात, पण अर्थाला धक्का लावत नाहीत. ‘अँग्री ऑन मी’ ही त्या प्रकारची. ती सुधारावी, कारण अर्ज वाचणारा अधिकारी किंवा मुलाखत घेणारा माणूस तेवढ्यावरून आपल्याविषयी मत बनवू शकतो. परंतु तिची लाज बाळगू नये. अशा बाबतीत इंग्रजीचे स्वतःचे घरही एकमताचे नाही. ‘डिफरंट फ्रॉम’ सर्वत्र चालते, ब्रिटनमध्ये ‘डिफरंट टू’ही ऐकू येते आणि अमेरिकेत ‘डिफरंट दॅन’. दुसऱ्या प्रकारची चूक कानाला मुळीच खटकत नाही, पण वेगळाच अर्थ पोहोचवते. ‘टायर्ड ऑफ’, ‘रिस्पॉन्सिबल टू’ या त्या चुका. शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी आपले बळ प्रथम या दुसऱ्या प्रकारावर खर्चावे. आम्ही शिक्षक बहुधा उलट करतो, कारण पहिल्या प्रकारच्या चुका सापडायला सोप्या आणि हसायला सोयीच्या असतात.

तुमच्यातील अनेकांना इंग्रजी पाचवीत भेटले असेल. मराठी शाळांत ते पहिलीपासून शिकवायला सुरुवात झाली ती २००० सालापासून. उशिरा भेटलेल्या भाषेत आपण आपल्या भाषेच्या आधारानेच चालतो, आणि तो आधार टाकून देण्याची गरज नाही. तो डोळसपणे वापरण्याची आहे. मराठी माणसाने इंग्रजी शिकावे ते मराठीशी ताडून, ही रीत आपल्याकडे जुनी आहे. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले, आणि दोन भाषांची व्याकरणे शेजारी ठेवून पाहण्याची सवय त्या शतकातच रुजली. पुढे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी घरांतील कित्येक पिढ्यांनी इंग्रजी गिरवले. वाक्य मराठीतून इंग्रजीत न्यायचे आणि कुठे अडते ते पाहायचे, ही त्या पुस्तकांची पद्धत आजही कामाची आहे.

म्हणून एक काम सुचवतो. एक छोटी वही करा. तिच्यात इंग्रजी विशेषण एकटे कधी लिहू नका. ‘अफ्रेड म्हणजे घाबरलेला’ असे लिहिले तर निम्मेच शिकणे होते. ‘अफ्रेड ऑफ हिम’ असा तीन शब्दांचा पदबंध लिहा, म्हणजे विशेषण, अव्यय आणि सर्वनाम एकत्रच तोंडात बसतील. समोर तुमच्या बोलण्यातले मराठी लिहा, पुस्तकातले नव्हे, आणि त्यातल्या प्रत्ययाखाली रेघ ओढा. पन्नास पदबंध झाले की रेघा ओढलेले प्रत्यय मोजून पाहा. कोणत्या प्रत्ययासमोर इंग्रजीचे कोणते अव्यय अधिक वेळा आले, हे तुमचे तुम्हालाच दिसेल. तो छोटासा तक्ता म्हणजे व्यतिरेकी भाषाविज्ञानातला तुमचा पहिला अभ्यास. पुढच्या संपर्कसत्रात तो घेऊन या. त्यात एखादी ओळ चुकीची असेल तर तीही खोडू नका. ती चूक कोणत्या भाषेतून आली, हे आपण मिळून शोधू.

तो कागद मी अजून जपून ठेवला आहे. त्या विद्यार्थ्याचा शोध घेण्याचा प्रयत्न मी तेव्हा केला, पण त्याने कारखाना आणि खोली दोन्ही सोडले होते. चिठ्ठीला उत्तर द्यायचे राहून गेले. सकाळी पाळी सुटते तेव्हा रस्त्यावरून जाणाऱ्या चेहऱ्यांत पस्तिशीतला कामगार शोधण्याची मला सवय लागली आहे. खरे तर आता तो साठीकडे झुकला असेल. कधी भेटलाच तर माझे उत्तर त्याच्याच नमुन्याचे असेल, विशेषण, अव्यय आणि सर्वनाम असलेले: ‘आय वॉज नेव्हर अँग्री विथ यू. आय अ‍ॅम अशेम्ड ऑफ मायसेल्फ.’ पहिल्या वाक्यात मराठीच्या ‘वर’ला सोडून ‘विथ’ घ्यावे लागते. दुसऱ्या वाक्यात ‘स्वतःची’तली ‘ची’ सरळ ‘ऑफ’मध्ये जाते, तिथे काहीच अडत नाही.